मातीचा रेटा

मे महिन्यात बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाच्या शिवारात फेरी मारा. एखादी तरी नवी विहीर खोदताना दिसेल. काठावर यारी उभी असते. खाली चार-पाच माणसे काम करत असतात. भरलेली पाटी दोराने वर येते, रिकामी होते आणि पुन्हा खाली जाते. काठावरून आत डोकावले, तर जमिनीचे थर एखाद्या चित्रासारखे उघडे पडलेले दिसतात. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम आणि तळाशी काळा कातळ. मातीची कड सुरीने कापल्यासारखी सरळ उभी असते. तिला आधार नसतो, तरी ती पडत नाही. कामावरची माणसे तिच्याकडे वळूनही पाहत नाहीत.

मग जूनमध्ये पहिला मोठा पाऊस येतो. महिनाभर उभी राहिलेली तीच कड एका रात्रीत ढासळते. दरवर्षी कुठे ना कुठे अशी बातमी येते. कधी नुसते खोदकाम वाया जाते, तर कधी खाली माणसे असतात.

माती तीच होती, कडही तीच होती. मग पावसाने असे काय केले? याचे उत्तर शोधायचे असेल, तर माती शेजारच्या वस्तूला कशी ढकलते ते आधी समजून घ्यायला हवे. या ढकलण्याला आपण मातीचा रेटा म्हणू.

मातीला वजन असते, हे सांगायला नको. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असा मातीचा ढीग घ्या. त्याचे वजन सुमारे अठरा क्विंटल भरते. ज्वारीची अठरा पोती म्हणा. हे वजन खाली जमिनीवर पडते, ते आपल्याला सहज पटते. पण माती बाजूलाही ढकलते, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एक प्रयोग करून पाहा.

पुठ्ठ्याचे एक खोके घ्या. त्याची एक बाजू कापून काढा आणि त्या जागी पुठ्ठ्याचा सुटा तुकडा हाताने धरून ठेवा. आता खोक्यात कोरडी वाळू भरा. वाळू जसजशी वर चढेल, तसतसा तुमच्या तळहातावर दाब वाढत जाईल. वरच्या बोटांना तो कमी जाणवेल आणि खालच्या बोटांना जास्त. आता पुठ्ठा अगदी हळू, केसभर बाहेर येऊ द्या. दाब थोडा कमी झाल्यासारखा वाटेल. शेवटी हात काढून घ्या. पुठ्ठा पडेल आणि वाळू बाहेर येईल. मात्र सगळी वाळू बाहेर येणार नाही. एक तिरका उतार आत तसाच राहील. बाहेर आली ती फक्त पाचरीच्या आकाराची वाळू. पाचर म्हणजे लाकूड फोडताना फटीत ठोकतात तो तिरका तुकडा.

राहिलेला उतार नीट पाहा. खळ्यावर ज्वारीची रास करतात, तेव्हा राशीला असाच ठरावीक उतार येतो. कितीही धान्य ओतले, तरी रास एका मर्यादेपेक्षा उभट होत नाही. जास्तीचे दाणे घरंगळून खाली येतात. कोरड्या वाळूचा हा उतार साधारण तीस ते पस्तीस अंशांचा असतो. वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि एकमेकांना अडवून धरतात, म्हणून तो टिकतो. पाण्याचे तसे नसते. पाण्याची रास होत नाही. त्याचे कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत, म्हणून पाणी जेवढे खाली दाबते तेवढेच बाजूलाही दाबते. माती या बाबतीत पाण्यापेक्षा समजूतदार म्हणायची. ती स्वतःचे बरेचसे वजन स्वतःच पेलते आणि थोडाच भार भिंतीवर टाकते.

हा थोडा भार म्हणजे किती, हे पहिल्यांदा नीट मांडून दाखवले ते शार्ल कुलोम या फ्रेंच माणसाने. विजेच्या धड्यात हे नाव तुम्हाला पुन्हा भेटेल, कारण विद्युतभार मोजण्याचे एकक त्याच्याच नावाने ओळखले जाते. पण तरुणपणी कुलोम लष्करात अभियंता होता. वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्याच्या कामावर तो कित्येक वर्षे होता. किल्ला बांधायचा म्हणजे मातीचे मोठे भराव घालायचे आणि ते दगडी भिंतींनी अडवून धरायचे. भिंत जाड केली तर पैसा वाया जातो आणि पातळ केली तर ती पडते. मग जाडी ठरवायची कशी? भिंत जराशी हलली की तिच्यामागची मातीची एक पाचर सुटते आणि घसरू पाहते, हे कुलोमने ओळखले. त्या पाचरीचे वजन आणि तिला अडवणारे घर्षण यांचा हिशेब त्याने मांडला. 1773 मध्ये त्याने हा निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला आणि 1776 मध्ये तो छापला गेला. पुढे 1857 मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम रँकिनने आणखी सोपी सूत्रे दिली. स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी आजही ही दोन नावे घेतात.

आपणही एक हिशेब करून पाहू. तो थोडा लांब आहे, पण बेरीज-गुणाकारापलीकडे त्यात काही नाही.

तीन मीटर उंच भिंत आहे आणि तिच्यामागे माथ्यापर्यंत कोरडी, रेताड माती आहे असे समजा. अशी माती आपल्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग बाजूला ढकलते. एक मीटर खोलीवर मातीचा खाली जाणारा दाब दर चौरस मीटरला अठरा क्विंटल असतो, म्हणून बाजूचा दाब सहा क्विंटल होतो. तीन मीटर खोलीवर तो तिप्पट, म्हणजे अठरा क्विंटल होतो. अगदी वर तो शून्य असतो. सरासरी नऊ क्विंटल धरा. उंची तीन मीटर, म्हणून भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सत्तावीस क्विंटलचा रेटा येतो.

आता भिंत दुप्पट उंच केली, तर रेटा दुप्पट होईल असे तुम्हाला वाटेल. तो चौपट होतो. सहा मीटर उंचीच्या भिंतीवर दर मीटरला एकशे आठ क्विंटलचा रेटा येतो. उंची वाढली की दाबही वाढतो आणि दाब झेलणारी जागाही वाढते, म्हणून असे होते. कमी उंचीच्या भिंतीवर हात बसलेला मिस्त्री तोच अंदाज धरून उंच भिंत बांधायला घेतो, तेव्हा नेमका इथे फसतो.

हा सारा रेटा एका जागी एकवटला आहे असे मानले, तर ती जागा तळापासून एक तृतीयांश उंचीवर येते. आपल्या भिंतीत ती एक मीटरवर येईल. म्हणजे सत्तावीस क्विंटलचे बळ एक मीटर उंचीवरून भिंतीला बाहेर उलथू पाहते. तिला जागेवर ठेवते ते तिचे स्वतःचे वजन. एक मीटर जाडीची दगडी भिंत घेतली, तर तिचे वजन दर मीटर लांबीला सुमारे बहात्तर क्विंटल भरते. पहारीने दगड उलथताना टेकूपासूनचे अंतर महत्त्वाचे असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे भिंतीची बाहेरची खालची कड हाच टेकू. वजन त्या कडेपासून अर्ध्या मीटरवर आहे. बहात्तर गुणिले अर्धा म्हणजे छत्तीस. उलथवणारे बळ सत्तावीस गुणिले एक, म्हणजे सत्तावीस. छत्तीस हे सत्तावीसपेक्षा जास्त आहेत, म्हणून भिंत कशीबशी उभी राहते.

आता पाऊस पडू द्या. भिंतीमागची माती पाण्याने गच्च भरली आणि ते पाणी बाहेर पडायला वाट नसली, तर काय होईल? पाणी आपला पुरता दाब भिंतीवर टाकते. तीन मीटर खोलीवर तो तीस क्विंटल, सरासरी पंधरा, म्हणून एकूण पंचेचाळीस क्विंटल. पाण्यात बुडालेली माती हलकी होते, त्यामुळे तिचा स्वतःचा रेटा पंधरा क्विंटलपर्यंत उतरतो. दोन्ही मिळून साठ. मघा सत्तावीस होते, आता साठ झाले. भिंतीचे छत्तीस त्यापुढे पुरे पडत नाहीत. ती कोसळते.

हे केवळ वहीतले गणित नाही. 29 जून 2019 रोजी पहाटे पुण्याच्या कोंढवा भागात मुसळधार पावसात एक भिंत खाली राहणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि पंधरा माणसे मेली. त्यानंतर तीनच दिवसांनी, 2 जुलैच्या रात्री मुंबईत मालाडच्या पिंपरीपाडा वस्तीवर अशीच भिंत पडली. तिथे वीसहून अधिक माणसांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी पाऊस होता आणि दोन्ही ठिकाणी माणसे झोपेत होती.

म्हणून माती अडवणाऱ्या भिंतीत ठरावीक अंतरावर भोके ठेवतात. घाटातून प्रवास करताना रस्त्याच्या कडेच्या संरक्षक भिंतीकडे पाहा. हातभर अंतरावर नळीची तोंडे दिसतील आणि पावसाळ्यात त्यांतून पाणी वाहताना दिसेल. भिंतीमागे लगेच माती न भरता आधी खडी आणि दगडगोटे भरतात. पाणी खडीतून खाली उतरते आणि भोकांतून बाहेर पडते. भोके ठेवायला खर्च फारसा येत नाही. पण नंतर अंगणात घाण पाणी येते म्हणून लोक ती सिमेंटने बुजवतात. माझ्या मते बांधकामात याहून महागडी काटकसर दुसरी नाही.

भिंतीच्या आकाराचेही महत्त्व आहे. बीड जिल्ह्यात धारूरला जुना किल्ला आहे. अशा किल्ल्यांचा तट निरखून पाहा. तो खाली रुंद असतो आणि वर निमुळता होत जातो. हा आकार शोभेसाठी दिलेला नाही. मघाच्या भिंतीतले तेवढेच दगड घ्या, एकही जास्त नको. पण तळाला दीड मीटर आणि माथ्याला अर्धा मीटर अशी जाडी ठेवा. आतली बाजू उभी आणि बाहेरची बाजू तिरकी करा. वजन तेच बहात्तर क्विंटल राहील, पण ते बाहेरच्या खालच्या कडेपासून दूर सरकेल. आता हिशेब केला, तर छत्तीसऐवजी एकोणसत्तर येतात. साठचा ओला रेटाही ही भिंत सोसते. फार निर्धास्तपणे नव्हे, पण सोसते. जुन्या गवंड्यांनी ही आकडेमोड केली नसेल. भिंती पडताना पाहूनच त्यांना हे कळले असणार.

आता विहिरीकडे परत जाऊ.

विहिरीची कड महिनाभर उभी कशी राहिली, हे कोडे अजून सुटलेले नाही. कोरडी वाळू तर उभी राहत नाही. पुन्हा तोच प्रयोग करा, पण या वेळी वाळूवर थोडे पाणी शिंपडून ती नुसती दमट करा. आता पुठ्ठा काढला, तर वाळू सरळ उभी राहील. तिच्यात बोटाने बोगदासुद्धा करता येईल. कणांच्या मधे पाण्याचे अगदी पातळ पापुद्रे असतात आणि ते कणांना एकमेकांकडे ओढून धरतात. आता त्याच वाळूवर तांब्याभर पाणी ओता. कणांमधल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात, ती ओढ नाहीशी होते आणि वाळूची भिंत बसकण मारते.

शेतातल्या मातीचेही असेच होते. थोडा ओलावा तिला बांधून ठेवतो. चिकणमातीत कणांचा आपसातला चिकटपणाही असतो. म्हणून उन्हाळ्यात कापलेली कड उभी राहते. ते बळ उसने असते. पावसाने पोकळ्या भरल्या की ते जाते आणि वर पाण्याचा दाब येऊन बसतो. एकीकडे धरून ठेवणारे बळ कमी झाले आणि दुसरीकडे ढकलणारे बळ वाढले.

पाण्याचा हा दुहेरी खेळ नीट उलगडून दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणजे कार्ल टेर्झागी. त्यांचा जन्म 1883 मध्ये प्राग शहरात झाला. त्यांचे महत्त्वाचे प्रयोग मात्र इस्तंबूल शहरात झाले. 1916 पासून ते तिथे शिकवत होते. महायुद्धाचे आणि त्यानंतरच्या ओढाताणीचे दिवस होते. महागडी उपकरणे मिळत नव्हती. त्यांनी साध्यासुध्या वस्तू जमवून मातीवर प्रयोग केले. मातीवर पडणारा दाब कण आणि पाणी मिळून उचलतात, पण मातीची ताकद फक्त कणांनी उचललेल्या दाबावर ठरते, हे त्यांनी दाखवले. पाण्याचा वाटा वाढला की कणांचा वाटा घटतो आणि माती दुबळी होते. 1925 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि मातीच्या अभ्यासाचे एक नवे शास्त्रच उभे राहिले.

बीडची काळी माती या शास्त्रालाही जड जाते. ती कापसाला चांगली, पण घराला वाईट. पाणी प्यायली की ती फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेतात पडलेल्या भेगा तुम्ही पाहिल्या असतील. कधी कधी त्यांत अख्खा हात जातो. अशी माती भिंतीमागे भरली, तर तिच्या वजनाचा रेटा आहेच, वर फुगण्याचा रेटाही येतो. उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यांत वरून माती घरंगळते आणि पावसाळ्यात पुन्हा फुगायला जागा उरत नाही. मग ती भिंतीला ढकलते. दरवर्षी थोडी थोडी. गवंडी म्हणतात, ‘भिंतीला पोट आले.’ म्हणून भिंतीमागे काळी माती भरू नये, मुरूम भरावा. पायाही काळी माती ओलांडून खाली मुरुमापर्यंत न्यावा. काळी माती फारच खोल असेल, तर तळाशी फुगीर आकाराचे काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्या देशात रुळवली.

तुम्ही विचाराल, काळी माती इतकी वाईट असेल, तर धरणात ती का घालतात? माजलगावजवळ सिंदफणा नदीवर मोठे धरण आहे. अशा मातीच्या धरणांत पोटातला गाभा चिकण मातीचा असतो, कारण तिच्यातून पाणी सहजी झिरपत नाही. पण त्या गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरुमाचा जाड थर असतो. पाणी अडवण्याचे काम गाभा करतो आणि उभे राहण्याचे काम मुरूम करतो. जिचे जे काम, तिला ते दिले आहे.

बीड शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर एक प्रसिद्ध विहीर आहे. तिचे नाव खजाना विहीर. ‘खजाना’ हा शब्द तुम्हाला मुळीच परका नाही. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबतखानाने सोळाव्या शतकात ती बांधवली. राजा भास्कर नावाच्या वास्तुकाराने ती बांधली असे सांगतात. या विहिरीला जमिनीखालून पाण्याचे भुयारी पाट जोडलेले आहेत आणि त्यांतून शेतांना पाणी मिळत आले आहे. दुष्काळातही तिचे पाणी आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. चारशे वर्षांहून अधिक काळ भोवतालची माती या विहिरीला चारही बाजूंनी आत ढकलत आहे. तरी ती उभी आहे.

तिचा आकार गोल आहे, ही त्यातली मुख्य गोष्ट. वर्गातल्या दहा-बारा मुलांनी खांद्याला खांदा लावून गोल उभे राहावे आणि बाकीच्यांनी बाहेरून सर्व बाजूंनी आत ढकलावे. आतली मुले एकमेकांवर जास्तच घट्ट दाबली जातात. एकटा कोणी आत पडत नाही, कारण त्याला पडायला जागाच नसते. हीच मुले सरळ रांगेत उभी केली आणि मागून ढकलली, तर मधली मुले लगेच पुढे जातील. गोल विहिरीचे दगड असेच एकमेकांना धरून असतात. सहा मीटर रुंदीच्या विहिरीत तीन मीटर खोलीवर दगडांवर येणारा दाब काढला, तर तो काळ्या दगडाच्या ताकदीच्या मानाने अगदी नगण्य ठरतो. दगड चिरडायला त्याच्या शेकडो पट दाब लागेल. म्हणजे विहीर दगड फुटून पडत नाही. एखादा दगड जागचा निसटला, कडे तुटले, की ती पडते. मुलांच्या गोलातून एकाने अंग काढून घेतले तर काय होईल, तेही करून पाहा. मात्र मैदानावर करा, वर्गात नको.

भुयारी पाटांनाही हेच तत्त्व उपयोगी पडते. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर बांधली. तीही जमिनीखालून जाते. डोक्यावर दोन मीटर माती असेल, तर दर चौरस मीटरला छत्तीस क्विंटल भार येतो. सपाट फरशी टाकली, तर ती मधोमध तडकण्याची भीती असते. कमान केली की भार दगडादगडांतून दोन्ही कडांना उतरतो. आणखी गंमत म्हणजे कमान किंचित खाली दबली, तर वरची माती स्वतःच कमानीसारखी वागू लागते आणि काही भार बाजूच्या जमिनीवर ढकलते.

मातीचा हा वरचा भार मराठवाड्याने फार वाईट रीतीने अनुभवला आहे. इथली जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहते, पण माळवद गळू लागले की वर आणखी माती टाकतात. जुनी काढतात कुठे? पिढ्यान्‌पिढ्या थर वाढत जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि हीच माती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या शेजारच्या जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली.

मातीचा रेटा नेहमी वैरी असतो असे मात्र समजू नका. गोठ्यात बैल बांधायची मेख आठवा. बैल हिसका देतो तेव्हा मेख पुढच्या मातीला ढकलते आणि माती उलट ढकलते. मघाच्या भिंतीला माती वजनाच्या एक तृतीयांशाने ढकलत होती. तिच्यात घुसू पाहणाऱ्या वस्तूला तीच माती वजनाच्या तिप्पट बळाने अडवू शकते. एक तृतीयांश आणि तीन, म्हणजे नऊ पट फरक झाला. रस्सीखेचीत टाचा जमिनीत रोवणारा गडी याच बळावर उभा असतो. भिंतीचा पाया जमिनीत खोल नेतात, तो या बळाचा आधार मिळावा म्हणूनही. कोणी नंतर भिंतीच्या पुढच्या बाजूला गटारासाठी चर खणला, तर हा आधार जातो आणि वरवर धडधाकट दिसणारी भिंत पुढे सरकते.

आता राहिली विहिरीच्या काठावरची गोष्ट. खोदून काढलेली माती वाहून नेण्याचे कष्ट वाचवायला लोक ती काठावरच टाकतात. हा ढीग म्हणजे काठावर ठेवलेले जास्तीचे वजन. तो खालच्या मातीला दाबतो आणि माती कडेला ढकलते. पूर्वी मोटेची धाव जिथे असे, त्या बाजूचे बांधकाम जाड करत, कारण बैलांची ये-जा तिथे चाले. आता तिथे ट्रॅक्टर नाही तर खोदकामाचे यंत्र उभे असते. त्याचे वजन बैलांच्या कित्येक पट. यंत्र चालू असताना जमीन थरथरते, ते वेगळेच. खोदलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब टाकावी आणि खड्डा खोल असेल तर आणखी लांब टाकावी, असा बांधकामाचा नियम आहे. नियम माहीत असणारे पुष्कळ आहेत. तरी ढीग काठावरच दिसतात.

विजेच्या मोटारीने आणखी एक धोका आणला. मोटेने विहीर एका दिवसात रिकामी होत नसे. मोटार काही तासांत पाणी उपसते. पावसाळ्यानंतर भोवतालची माती पाण्याने भरलेली असते. विहिरीतले पाणी आतून कडेला टेकू देत असते. ते झटकन काढले की टेकू गेला, पण बाहेरच्या मातीतले पाणी मागे तसेच राहिले. मग बांधकाम आत येते. जुन्या विहिरींत दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपून जाई. नव्या विहिरी सिमेंटने पक्क्या लिंपतात. त्यांत झिरपायला भोके ठेवली नाहीत, तर पक्केपणाच विहिरीच्या मुळावर येतो. म्हणून सांधेबंद विहिरीचे पाणी एका दमात उपसू नये. थोडे काढावे, थांबावे, मग पुन्हा काढावे.

तुमच्या गावात किंवा शाळेजवळ माती अडवणारी एखादी भिंत असेल, तर तिचे निरीक्षण करा. भिंतीच्या माथ्यावरून ओळंबा सोडा. गवंडी वापरतात तो दोरीला बांधलेला लंबक म्हणजे ओळंबा. उर्दूत त्याला साहूल म्हणतात. दोरी आणि भिंत यांतले अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. भिंतीला भेग असेल, तर तिच्या दोन टोकांशी पेन्सिलीने खुणा करा. भोके किती आहेत, त्यांतली किती बुजलेली आहेत, तेही मोजा. पावसाळा संपल्यावर पुन्हा जाऊन तीच मापे घ्या. अंतर बदलले असेल किंवा भेग खुणेच्या पुढे गेली असेल, तर वही गुरुजींना किंवा घरच्या मोठ्या माणसांना दाखवा. तोपर्यंत त्या भिंतीच्या सावलीत खेळू नका. ही मापे कोरड्या दिवशी घ्यायची. पाऊस चालू असताना भिंतीजवळ जायचे नाही आणि बांधकाम चालू असलेल्या विहिरीच्या काठावर तर कधीच उभे राहायचे नाही.